ठेका कोणी धरावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या कामात मी आजवर दोनच खाती सांभाळली, एक हिशेबाची वही आणि दुसरे प्रसादाचे पातेले. भाषणाचे खाते माझ्याकडे कधी आले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माझे माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. आमच्या गावची शाळा सातवीला संपायची आणि पुढची शाळा दोन ओढ्यांपलीकडे होती. पावसाळ्यात ओढे भरले की मुलगे पोहून जात, मुली घरी राहत. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाईंनी सांगितले, "यंदा कर्तबगार स्त्रियांवर प्रत्येकीने बोलावयाचे आहे." बाकीच्यांनी जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई आधीच घेऊन टाकल्या. मी मागाहून आले म्हणून मला जो विषय सुचला तो जरा वेगळा आहे. पण तो का सुचला हे शेवटी कळेल.

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या धाकटीने मोबाइलवर एक कार्यक्रम दाखविला. परदेशातले मोठे सभागृह, ऐंशी-नव्वद वादक खुर्च्यांवर बसलेले, आणि त्यांच्यापुढे, लोकांकडे पाठ करून, एक बाई उभी. अंगात काळा कोट, हातात उदबत्तीएवढी बारीक काठी. ती गात नव्हती, वाजवीतही नव्हती. मी विचारले, "ही बाई करते काय?" धाकटी म्हणाली, "आई, ती कंडक्टर आहे." मला हसूच आले. आपल्याला कंडक्टर माहीत तो मुरबाड-कल्याण गाडीतला, तिकिटे फाडणारा. आता एस.टी.त बायकाही कंडक्टर आहेत, तेही चांगलेच आहे. पण ही कंडक्टर कोणाचे तिकीट फाडते ते काही मला कळेना.

मी ते चित्र तीनदा पाहिले, तेव्हा उलगडा झाला. तिचा उजवा हात लय दाखवितो. काठी खाली येते तेव्हा नव्वद माणसे एकदम उठाव घेतात. डावा हात कोणाला सांगतो "हळू", कोणाला सांगतो "आता तू". पन्नास सारंग्यांसारखी वाद्ये एका बाजूला, मागे पितळेचे कर्णे, आणखी मागे नगारे. कोणाला दुसऱ्याचे धड ऐकू जात नाही, म्हणून सगळ्यांचे कान त्या एका काठीला बांधलेले. आणि गंमत अशी, की आवाज निघण्याच्या आधी तिचा हात हललेला असतो. म्हणजे पुढचे गाणे सर्वांच्या आधी तिच्या डोक्यात वाजून गेलेले असते. आपल्या दिंडीत वीणेकरी पुढे असतो, त्याने पाऊल टाकले की टाळकरी पाऊल टाकतात. तो थांबला की शंभर टाळ थांबतात. तसेच हे, फक्त जरा थाटाचे.

यांच्याकडे जे गाऊन करावयाचे नाटक असते त्याला ऑपेरा म्हणतात. मला इतकी वर्षे ऑपेरा हाउस म्हणजे मुंबईतला बसचा थांबा एवढेच माहीत होते. ते खरोखरीचे नाटकघर आहे आणि इंग्रज बादशहा पंचम जॉर्जच्या हातून 1911 साली त्याचे उद्घाटन झाले, हे मला आत्ता कळले. 1993 साली बंद पडलेले ते घर 2016 साली पुन्हा उघडले. (आपल्या भातसाचे, तानसाचे पाणी पिऊन मुंबईने किती काय काय केले पाहा! आणि आपल्या पाड्यांवर अजून वैशाखात टँकर. असो, तो विषय दुसऱ्या सभेचा.)

तर अशा ऑपेरापुढे काठी घेऊन उभे राहणे हे काम शंभर-दीडशे वर्षे केवळ पुरुषांचे मानले गेले. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा नावाचे मोठे नाटकगृह 1883 साली सुरू झाले. तेथे पहिल्या स्त्रीने, सारा कॉल्डवेल हिने, काठी धरली ती 1976 साली. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली! व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात सिमोन यंग ही ऑस्ट्रेलियातली बाई 1993 साली उभी राहिली. तेथल्या नामांकित वाद्यवृंदाने तर 1997 पर्यंत बायकांना वादक म्हणूनसुद्धा सभासद करून घेतले नव्हते. गोऱ्या लोकांत सगळे पुढारलेलेच असते असा आपला समज असतो, म्हणून हे सांगितले.

पण माझ्या मनात भरली ती या सर्वांच्या आधीची एक, अंतोनिया ब्रिको. हॉलंडातल्या रॉटरडॅम गावी 1902 साली जन्मली, परक्या घरात वाढली, त्या माणसांबरोबर लहानपणीच अमेरिकेत गेली. बर्लिनला जाऊन तिने हे काठीचे शिक्षण रीतसर घेतले आणि 1930 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बर्लिनच्या मोठ्या वाद्यवृंदापुढे ती उभी राहिली. लोकांनी वाहवा केली. पुढे न्यूयॉर्कला आली तर एका नावाजलेल्या गायकाने बाईच्या हाताखाली गाण्यास नकार दिला. तेव्हा या बाईने 1934 साली काय करावे? सगळ्या बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. कर्णे, नगारे, सगळे बायकांच्या हाती. लोक म्हणत, बायकांचा श्वास कर्ण्याला पुरणार नाही. चुलीपुढे फुंकणी फुंकणाऱ्या बायकांना श्वास पुरत नाही म्हणे!

एवढे करूनही तिला कायमची जागा कोणी दिली नाही. डेन्व्हर गावी ती राहिली, मुलांना पियानो शिकवी, हौशी मंडळींच्या वाद्यवृंदापुढे वर्षाकाठी मोजके कार्यक्रम करी. तिची एक शिष्या, ज्यूडी कॉलिन्स, पुढे मोठी गायिका झाली. तिने 1974 साली आपल्या बाईंवर चित्रपट काढला, तेव्हा कोठे जगाला आठवण झाली आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुन्हा मोठ्या ठिकाणची बोलावणी येऊ लागली. शिष्येने गुरूचे ऋण असे फेडले. पण मधली चाळीस वर्षे कोण परत देणार?

आता कोणी म्हणेल, या परदेशच्या गोष्टी. आपल्याकडे असे कोण आहे? मीही धाकटीला हेच विचारले. तिला माहीत नव्हते. तालुक्याच्या वाचनालयातल्या बाईंनी मला जुने अंक आणि एक-दोन पुस्तके काढून दिली. ती वाचताना मला आढळल्या हिराबाई बडोदेकर.

नाव ऐकलेले होते. माझे वडील भजनी बुवा. रेडिओवर हिराबाईंचा आवाज लागला की ते हातातली कोयती खाली ठेवीत. पण त्या केवळ गाणाऱ्या बाई असे मी समजत होते. त्यांनी नाटक कंपनी चालविली, हे मला ठाऊक नव्हते.

हिराबाईंचा जन्म 1905 साली मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे मोठे गवई, अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याकडच्या सरदार घरातल्या. पुढे नवराबायकोचे जमले नाही आणि ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पाच मुले घेऊन घराबाहेर पडणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या काही जणींना ठाऊक आहे. त्या बाईने मुलांना भिकेला लावले नाही, गाण्याला लावले. थोरले सुरेशबाबू, मग हिराबाई, मग कमलाबाई, कृष्णराव, धाकट्या सरस्वतीबाई. हिराबाईंना सुरेशबाबूंनी शिकविले आणि पुढे वहीद खाँ नावाच्या खाँसाहेबांनी.

त्या काळी चार लोकांत गाणारी बाई म्हणजे लोक काय म्हणत हे मी या व्यासपीठावरून सांगावयास नको. घरंदाज बाईने गाऊ नये, गाणारीला घरंदाज म्हणू नये, असा दुहेरी कायदा. हिराबाईंनी तो कायदा भांडून मोडला नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर, साधे पातळ, मांडी घालून शांत बसणे, हातवारे नाहीत, चेहरा वेडावाकडा करणे नाही, आणि गाणे मात्र असे की समोरच्याने मान खाली घालून ऐकावे. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतात. तिकीट लावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोणा शेठजीच्या दिवाणखान्यात जाऊन गावयाचे तर मर्जी त्याची. तिकीट काढून जो आला तो गाण्याला आला. तेथे बाईची मर्जी, आणि ज्याला नको त्याने उठून जावे.

मग 1929 साली त्यांच्या घरच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा निघाली. आता संगीत नाटक म्हणजे आपला ऑपेराच की. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' आणि दोन वर्षांनी 'सौभद्र' उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्र रात्र रात्र जागून ही नाटके पाहत आला. परंतु त्यातली शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, रुक्मिणी पुरुष. बालगंधर्वांनी शालू नेसला की बायका घरी येऊन तसा शालू मागत. बायकांचे काम पुरुषांनी करावे आणि बायकांनी ते पाहून बाईपण शिकावे, अशी तऱ्हा! बायकांच्याच वेगळ्या मंडळ्याही मधून मधून निघाल्या, तेथे पुरुषांची कामे बायका करीत. हिराबाईंच्या कंपनीत 'सौभद्र' लागले तेव्हा सुभद्रा ही बाई होती, ती स्वतः हिराबाई, आणि बरोबर पुरुषांची कामे करणारे पुरुष. सगळी भावंडे रंगभूमीवर. आज यात कोणाला काही वाटणार नाही. त्या वेळी किती जणांनी नाके मुरडली असतील!

मला तुम्हांला सांगावयाचे आहे ते पुढचेच. आपल्या संगीत नाटकात काठीवाला नसतो. ऑर्गन, सारंगी आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात खाली बसतात, आणि वर जो गातो त्याच्याकडे तिघांचे डोळे. गाणाऱ्याने तान लांबविली की तबलजीने तेवढे थांबावयाचे, त्याने समेवर मान दिली की तिघांनी तेथे येऊन मिळावयाचे. म्हणजे काठी नाही, पण काम तेच. गाणाऱ्याच्या मानेत ती काठी असते. तेव्हा हिराबाई सुभद्रा होऊन उभ्या असत तेव्हा रडण्याचे काम त्यांचे, गाण्याचे त्यांचे, आणि वाद्यांना चालविण्याचेही त्यांचेच. आणि पडदा पडला की कंपनीचा संसार होताच. नाटक कंपनी म्हणजे लहानसे गावच की. नट, वादक, पडदे ओढणारे, सुतार, शिंपी, आचारी, सगळ्यांचे दोन वेळचे जेवण, पुढच्या गावचे भाडे, सामानाची रेल्वे. आपण सप्ताहाच्या सात दिवसांच्या पंगतीने थकतो, हे बारमाही.

आणि वेळ कशी आली पाहा. 1931 साली बोलपट निघाला, 1932 साली मराठी 'अयोध्येचा राजा' आला. लोक नाटक सोडून तिकडे गेले. एकेक मातब्बर कंपनी बसली, तशी हिराबाईंचीही थोड्या वर्षांत बसली. देणे राहिले. ते त्यांनी गावोगाव मैफली करून फेडले. माझ्या दृष्टीने हिराबाईंचे पद्मभूषण, जे त्यांना 1970 साली मिळाले, ते एकीकडे, आणि हे फेडलेले देणे एकीकडे. बचतगटाचा हप्ता ज्या बाईने बांगड्या मोडून वेळेवर भरला असेल तिला मी काय म्हणते ते कळेल.

प्रभा अत्रे हे नाव आपण अलीकडे ऐकले, 2024 साली त्या गेल्या. त्या सुरेशबाबू आणि हिराबाई या भावाबहिणींच्याच शिष्या. आणि वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती ब्रिको आणि या हिराबाई यांनी एकमेकींचे नावही ऐकले नसेल. एक 1929 साली उभी राहिली, दुसरी 1930 साली. एक मिरजेची, दुसरी रॉटरडॅमची. आणि दोघीही 1989 सालीच गेल्या, एक ऑगस्टात, दुसरी नोव्हेंबरात. मी त्या वेळी अगदी लहान होते, वडिलांच्या पायाशी खेळत असेन.

वडिलांचा विषय निघाला म्हणून आता घरचे सांगते. आमच्या घरी पखवाज होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई कायमची असते, पण डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापावी लागते. त्याने आवाज खोल जातो. भजन झाले की ती खरवडून काढावयाची. आमच्या घरी ती कणीक मी मळीत असे. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून. किती पाणी, किती घट्ट, हे वडिलांच्या मनासारखे मलाच जमे. थाप कशी बसते ते ऐकून मी दाराआडून सांगत असे, "बाबा, कणीक थोडी कमी करा." ते कमी करीत. पण शिकविले भावाला. मी एकदा विचारले तर म्हणाले, "बाय, हे तुझ्या कामाचे नाही. सासरी कोण वाजवू देणार?" ते रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरेच तसे वाटत होते, आणि ते चुकीचेही नव्हते. मी भजनी ठेक्याच्या आठ मात्रा परातीवर शिकले. भाकरी थापताना आजही माझा हात तसाच पडतो. आमचे हे म्हणतात, तुझ्या भाकरीला ताल आहे, मीठ नाही.

पुढची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकींच्या देखत घडली आहे. नऊ वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात आपल्या मंडळाचे भजन दुपारी तीनला ठेवले होते. पखवाजवाले बुवा ऐन वेळी दुसरीकडे गेले. आपण बावीस जणी एकसारखी पातळे नेसून, टाळ हातात घेऊन बसलो होतो. पाऊण तास वाट पाहिली. मग कर्ण्यावरून सांगण्यात आले की महिलांचे भजन रद्द, महिलांनी भाजी निवडण्यास मंडपामागे यावे. आपण उठलो आणि गेलो. भाजी मेथीची होती. कोणी कोणाशी बोलले नाही. मी तेथेही कणीक पाहिली, बुवांसाठी मळून झाकून ठेवलेली. मी तिची पोळी करून कुत्र्याला घातली.

त्या संध्याकाळी मी भावाला फोन केला. वडील गेल्यापासून पखवाज खुंटीला होता. भावाला भातशेती आणि विटभट्टीपुढे सवड नव्हती. मला वाटले, नाही म्हणेल. आठव्या दिवशी तो किन्हवलीमार्गे एस.टी.ने स्वतः आला, पखवाज गोणपाटात बांधून मांडीवर घेऊन. म्हणाला, "म्हशाच्या जत्रेत वाद्या नव्या ओवून आणल्यात." बाकी काही बोलला नाही. चहा घेतला आणि परत गेला.

सासूबाईंची मला भीती होती. त्यांनी पखवाजाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वाजव. पण दार लाव, म्हैस बुजते." तेव्हापासून दुपारी जेवणे आटोपली की मी दार लावून बसते. नवव्या वर्षी बोटे वळणे सोपे नसते, म्हणजे मी शिकू लागले तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. दोन बोटांना घट्टे पडले. गट्टे ठोकताना अंगठा ठेचला. पण वळली.

यंदा सप्ताहाच्या पंचांनी निरोप दिला आहे, की महिला मंडळास रात्रीचा जागर हवा असेल तर देऊ, मात्र पखवाजी आपला आपण आणावा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही; वाट दिली हेही पुष्कळ. यावर आपल्या मागल्या बैठकीत दोन मते पडली. आपल्यातल्याच तिघी-चौघी म्हणाल्या, मांडी घालून, पखवाज पुढ्यात ओढून, बाईमाणसाने रात्री पुरुषांसमोर बसणे शोभत नाही. भाड्याने बुवा आणू. त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले. राग नाही आला असे म्हणणार नाही, आला. पण मग मी हिराबाईंचा फोटो पाहिला. दोन्ही खांद्यांवरून पदर आणि मांडी. मी तसे बसून पाहिले. पदर जागचा हलत नाही. फक्त उजव्या बाजूने एक पिन जास्त लागते.

भाड्याच्या बुवांचा हिशेबही मी खजिनदार या नात्याने मांडून ठेवला आहे. एका रात्रीला ते जे घेतात त्यात आपल्या सहा जणींचे टाळ येतात. वही समोर ठेवलेली आहे, कोणीही पाहावी.

मतदान आज जेवणानंतर आहे असे अध्यक्षीणबाईंनी ठरविले आहे. ते होण्याआधी ऐकून तरी घ्यावे, एवढीच माझी विनंती. धाकटी पेटीवर बसते आहे, बावीसपैकी सतरा जणी आल्या आहेत त्यांनी टाळ घ्यावेत. पुरुषमंडळींनी दारात उभे राहू नये, आत सतरंजीवर जागा आहे. माझे बोलणे लांबले. कणीक लावून ठेवली आहे, ती वाळण्याच्या आत सुरुवात करू या.